चालीरीतींचा पुरावा : ‘गोंड-गोवारी’ या संज्ञेचे परीक्षण

बलिप्रतिपदेच्या दिवशी नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे कुही, उमरेड, भिवापूर या बाजूच्या खेड्यांत, गायगोधनाचा सोहळा होतो. गावची गुरे जेथे रोज सकाळी एकत्र होतात आणि जेथून गायकी त्यांना रानाकडे हाकतो, त्या मोकळ्या जागेस या भागात ‘आखर’ म्हणतात. सणाच्या दिवशी शिंगे रंगविलेली, सजविलेली गुरे आखरावर आणली जातात; शेणाचे गोधन मांडून त्यावरून ती नेली जातात; वाद्यांच्या गजरात दोहे म्हटले जातात. या सोहळ्याचा मान गोवारी समाजाचा. वस्त्र आणि मोरपिसे यांनी सजविलेला एक उंच बांबू घेऊन गोवारी मंडळी घरोघर जातात व त्याची पूजा होते. या बांबूस ‘ढाल’ असे नाव आहे. शब्द ऐकून शस्त्राची कल्पना मनात येते, परंतु ती येथे गैरलागू आहे. जुन्या मराठीत ‘ढाल’ या शब्दाचा सैन्याचे मोठे निशाण असाही अर्थ होता, आणि ते निशाण वाहणारा हत्ती तो ‘ढालगज’. प्रमाण मराठीने जवळपास विसरलेला हा अर्थ आखरावर अद्याप नांदतो आहे.

हा सोहळा कोणाचा, असा प्रश्न गावात कोणी विचारीत नाही. कुणब्याच्या, तेल्याच्या, गोंडाच्या गाई त्याच आखरावर असतात, आणि ढाल ज्या दारी जाते ते दार कोणत्याही जातीचे असू शकते. हा प्रश्न उपस्थित होतो तो नागपूरच्या कचेरीत. तेथे तो असा विचारला जातो : ही चाल आदिवासींची, की गुराखी जातीची? ढाल हे गोंडांच्या देवतेचे रूप, की गोकुळातल्या गोपाळांच्या परंपरेचे अवशेष? उत्तर काय येते यावर अर्जदाराच्या मुलीचा वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश किंवा मुलाची नोकरी अवलंबून असते. एखादी चालीरीत पुरावा म्हणून दाखल करावी लागली की तिचे आणि ती पाळणाऱ्यांचे काय होते, हे पाहण्यास गोवारींच्या प्रकरणासारखे दुसरे उदाहरण विदर्भात क्वचितच सापडेल. हे प्रकरण कायद्याचे आहे तितकेच ते वाचनाचेही आहे. एका ग्रंथाचे, एका यादीचे आणि एका सामासिक शब्दाचे वाचन येथे कसे केले गेले, एवढ्यापुरताच येथे विचार केला आहे.

प्रथम ग्रंथाविषयी. मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रसेल तो प्रकाशित झालेला पाहू शकला नाही. डिसेंबर १९१५ मध्ये भूमध्य समुद्रात ‘पर्शिया’ ही आगबोट बुडविली गेली, तीत त्याचा अंत झाला. वर्णक्रमाने मांडलेल्या या नोंदींची रीत ठरलेली आहे : उत्पत्तिकथा, पोटविभाग, लग्न, मर्तिक, देवदेवता, व्यवसाय, स्वभाव. अनेक नोंदींच्या आरंभी माहिती देणाऱ्यांची नावे आहेत, आणि ते तहसीलदार, नायब तहसीलदार, शाळाखात्याचे अधिकारी, वकील, गॅझेटियर कचेरीतील कारकून असे आहेत. म्हणजे आज ज्यास प्रमाण मानले जाते ते वर्णन बहुतांशी लिहित्या-वाचत्या वर्गाने, आपल्या गावातील दुसऱ्या वर्गाविषयी, सरकारी विचारणेस दिलेले उत्तर आहे. यावरून ते खोटे ठरत नाही. हिरालाल यांची विद्वत्ता आणि या प्रदेशाची त्यांना असलेली जाण वादातीत आहे. परंतु ज्या साधनाची घडण अशी आहे, त्यातील प्रत्येक वाक्य सारख्याच वजनाचे मानणे हे ग्रंथपरीक्षणाच्या कोणत्याही पद्धतीत बसणारे नाही.

या ग्रंथाच्या भाषेचा एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. तो सर्वत्र वर्तमानकाळात बोलतो. अमुक जातीचे लोक मृतांना पुरतात, तमुक देवास कोंबडे देतात, लग्नात अशी रीत असते. हा वर्तमानकाळ रीतिवर्तमान आहे. मराठी व्याकरणात त्यास स्वतंत्र स्थान आहे. ‘सूर्य पूर्वेस उगवतो’ हे जसे विधान, तसेच ‘गोवारी ढाल पूजतात’ हे विधान. काळाची मर्यादा त्यास राहत नाही. १९१६ मध्ये लिहिलेले असे वाक्य १९८५ मध्ये वाचले तरी ते वर्तमानच वाटते, आणि माणसाचे आचरण वाक्यापेक्षा निराळे दिसले तर चुकले ते माणूस, वाक्य नव्हे, असा समज सहजच होतो. तपासणी समित्यांच्या व्यवहारात पुढे जे घडले त्याचे बीज या क्रियापदांत आहे.

गोवारींविषयी रसेल-हिरालाल यांचे म्हणणे थोडक्यात असे : ही मराठी मुलखातील गुराखी जात असून उत्तरेकडील अहीर किंवा गवळी यांच्याशी तिचे साम्य आहे, तिचे गाय-गोवारी, इंगा आणि मारिया अथवा गोंड-गोवारी असे तीन विभाग आहेत, यांपैकी गोंड-गोवारी हे गोंड आणि गोवारी यांच्या संबंधातून निर्माण झाले असावेत. जातींची उत्पत्ती संकरातून लावणे ही या ग्रंथाची सवयच आहे आणि ती मनुस्मृतीच्या वर्णसंकराच्या कल्पनेपासून फार दूर नाही. ज्या गोष्टीचा थांग लागत नाही तिला मिश्र विवाहाची कथा जोडली की नोंद पूर्ण होते. तथापि ही एक ओळ पुढे किती जड होणार आहे, याची कल्पना ती लिहिणाऱ्यास नव्हती.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींच्या याद्या निघाल्या. महाराष्ट्राच्या सध्याच्या यादीत १८ वी नोंद गोंडांची आहे. तीत गोंड, राजगोंड यांच्यामागे नावांची मोठी रांग आहे, आणि त्या रांगेत ‘गोंड गोवारी’ हे नाव येते. नुसते ‘गोवारी’ हे नाव यादीत कोठेही नाही. १९५६ च्या यादीत विदर्भापुरते हे लाभ मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ एवढ्याच तहसिलींपुरते मर्यादित होते; म्हणून कुहीच्या बाजूस हा प्रश्न त्या काळी उद्भवलाच नाही. १९७६ च्या कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठली. एकाच जमातीच्या माणसास वैनगंगेच्या एका तीरावर आदिवासी मानावे आणि दुसऱ्या तीरावर मानू नये, ही विसंगती त्यामुळे दूर झाली. परंतु त्याचबरोबर यादीतील प्रत्येक शब्द सगळ्या राज्यास लागू झाला आणि त्या शब्दांचा अर्थ लावण्याची निकड निर्माण झाली.

याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. जुन्या यादीत ‘गोंड’ या शब्दानंतर ‘यांसह’ अशा अर्थाचा शब्द होता व त्यापुढे इतर नावे होती. नव्या यादीत तो शब्द गेला आणि सर्व नावे स्वल्पविरामांनी विलग झाली. या फरकाचे फलित माना समाजाच्या बाबतीत दिसते. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिना विरुद्ध नारायण सिंह या प्रकरणात, यादीतील माना म्हणजे गोंडांपैकी माना, असा अर्थ घेतला होता. २००६ मध्ये त्याच न्यायालयाने, ‘यांसह’ हा शब्द गळल्यामुळे प्रत्येक नाव स्वतंत्र जमातीचे झाले, असे मानून मानांचे स्वतंत्र अस्तित्व मान्य केले. मधल्या काळात मानांच्या लग्नात, मर्तिकात, देवघरात काय बदलले होते? ज्यामुळे निकाल फिरला तो बदल यादीच्या विरामचिन्हांतला होता. गोंड आणि गोवारी या दोन शब्दांच्या मध्ये मात्र स्वल्पविराम नव्हता.

मग या जोडशब्दाचा विग्रह कसा करावयाचा? संस्कृत-मराठी व्याकरणाने तीन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. द्वंद्व मानल्यास गोंड आणि गोवारी असे दोन समाज. कर्मधारय मानल्यास जे गोंड तेच गोवारी, म्हणजे गुरे राखणारे गोंड. तत्पुरुष मानल्यास गोंडांचे गोवारी, म्हणजे गोंडांच्या पदरी गुरे राखणारे, मग ते मुळात कोणीही असोत. ही तीन निराळ्या माणसांची वर्णने आहेत. रसेल-हिरालाल यांची संकरकथा यांपैकी कोणत्याच विग्रहात नीट बसत नाही, हेही सांगून टाकले पाहिजे.

राज्य शासनाने २४ एप्रिल १९८५ च्या निर्णयाने नामसादृश्याचा मुद्दा पुढे आणला : नावात साम्य आहे म्हणून बिगर आदिवासी जातींनी जमातीचे दाखले घेऊ नयेत. गोवारींचे दाखले मिळणे त्यानंतर अवघड झाले. हा निर्णय रद्द करावा आणि गोवारींना अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात, यासाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा निघाला. खेड्यापाड्यांतून आलेल्या त्या मोर्चात सायंकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया व मुले पुष्कळ होती. १९९५ मध्ये शासनाने गोवारींचा समावेश विशेष मागास प्रवर्गात केला. सीताबर्डीवरून जाणाऱ्या उड्डाणपुलास आज ‘आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल’ असे नाव आहे. ज्या ‘आदिवासी’ या विशेषणासाठी माणसे मेली, ते विशेषण पुलाच्या फलकावर शासकीय संमतीने झळकते आणि दाखल्यावर त्यास मज्जाव आहे. शब्दार्थाच्या अभ्यासकाने या विसंगतीपुढे थोडे थांबणे योग्य होईल.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी असा निष्कर्ष काढला की, गोंड-गोवारी नावाची जमात १९११ पूर्वीच लुप्त झाली होती. यादी तयार झाली तेव्हा त्या नावाने ओळखावा असा समाज अस्तित्वात नव्हता. म्हणून त्या नावाचा वाच्यार्थ गोवारी हाच होय. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. राष्ट्रपतींच्या आदेशातील नाव आहे तसेच वाचावयाचे. त्यात पुरावा घेऊन भर घालता येत नाही की वजाबाकी करता येत नाही. गोंड-गोवारी आणि गोवारी या भिन्न संज्ञा होत. मधल्या अठ्ठावीस महिन्यांत ज्यांनी प्रवेश व नोकऱ्या मिळविल्या त्यांना संरक्षण मिळाले, परंतु पुढे त्यांना जमातीचे लाभ नाहीत.

दोन्ही निकाल कायद्याच्या दृष्टीने तपासणे हे या लेखाचे काम नव्हे. भाषेच्या दृष्टीने मात्र काही सांगण्यासारखे आहे. आपल्याकडील शास्त्रकारांनी शब्दांचे रूढ, यौगिक आणि योगरूढ असे प्रकार केले आहेत. यौगिक शब्दाचा अर्थ अवयवांवरून लागतो. रूढ शब्दाचा अर्थ अवयवांत शोधणे व्यर्थ. योगरूढात दोन्ही असते, पंकज हे त्याचे नेहमीचे उदाहरण. चिखलात उगवणारे सगळेच पंकज नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ‘गोंड गोवारी’ हे पद एकसंध, म्हणजे रूढ मानले, आणि यादीच्या वाचनाचा नियम म्हणून ते सुसंगत आहे. परंतु रूढ शब्दाचे लक्ष्य व्यवहारातून कळावे लागते. कोणी तरी कोणास तरी त्या नावाने हाक मारीत असले पाहिजे. उच्च न्यायालयाने नेमका हाच प्रश्न विचारला होता : अशी हाक कोणास मारली जात होती? त्याने दिलेले उत्तर धाडसाचे होते, कारण जो नामशेष झाला त्याचे नाव शेजाऱ्यास लावणे ही लक्षणाच झाली, आणि लक्षणेस प्रयोजन लागते. तरीही प्रश्न बिनतोड होता. ज्या नावाचा वाच्य सापडत नाही असे नाव यादीत राहते, ते वाचावयाचे पण कोणास लावावयाचे नाही, अशी अवस्था त्यास येते. व्याकरणात अशा पदास काय म्हणतात ते ठाऊक नाही. ‘वंध्यापुत्र’ हा नैयायिकांचा दाखला मात्र आठवतो.

दुसरी बाजू येथेच मांडली पाहिजे, नाही तर परीक्षण एकांगी होईल. यादीचे दार नावाच्या साम्यावर उघडले तर आत कोण येईल, ही भीती निराधार नाही. जमातींसाठी राखलेल्या जागांवर भलत्यांनी दाखले मिळवून नोकऱ्या घेतल्याच्या तक्रारी आदिवासी संघटनांनी वर्षानुवर्षे केल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी जगदीश बहिरा प्रकरणात असे दाखले अवैध ठरल्यावर नोकरी टिकू शकत नाही असे स्पष्ट केले, आणि त्यानंतर राज्यात अधिसंख्य पदांचा प्रश्न उभा राहिला. गडचिरोलीच्या माडिया मुलास मिळावयाची जागा नागपूरच्या शहरी कुटुंबाकडे गेली, हे ज्यांनी पाहिले त्यांना समासाचा विग्रह ऐकवून समाधान होणार नाही. कसोटी असावी, यावर मतभेद नसावा. ती कशाची असावी, हा प्रश्न आहे.

प्रचलित कसोटी चालीरीतींची आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये, गोवारींच्या मोर्चाच्या अवघे काही आठवडे आधी, सर्वोच्च न्यायालयाने कुमारी माधुरी पाटील प्रकरणात तपासणी समित्यांची रीत घालून दिली. दक्षता पथकाने अर्जदाराच्या गावी जावे. त्याच्या समाजाचे देव, विधी, रूढी, लग्नाची पद्धत, मर्तिकाचे संस्कार, प्रेत पुरण्याची रीत यांची चौकशी करावी आणि त्या जमातीशी त्याचे नाते जुळते की नाही ते पाहावे. यालाच पुढे ‘ॲफिनिटी टेस्ट’, म्हणजे आप्तभावाची कसोटी, असे नाव पडले. हेतू चांगला होता. परंतु व्यवहारात अर्जदाराचे उत्तर ताडून पाहण्यास समितीपाशी काय असते? असतो तो १९१६ चा ग्रंथ, किंवा त्यावरून उतरलेली टिपणे. अशा रीतीने रीतिवर्तमानातले वाक्य हे प्रश्नाचे नमुना-उत्तर बनते.

याचा परिणाम हलबांच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसतो. नागपूर, उमरेड, पवनी या विणकामाच्या गावांतील हलबा-कोष्टी समाजाचा दावा असा की, आपण मूळचे हलबा, विणकाम हा नंतरचा धंदा. रसेल-हिरालाल यांनी हलबांचे माहेर रायपूरच्या दक्षिणेस, कांकेर व बस्तर संस्थानांत दाखविले आहे. कोष्ट्यांच्या पोटजातींतही हलबींचा उल्लेख येतो. २८ नोव्हेंबर २००० रोजी मिलिंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यादीतील ‘हलबा, हलबी’ या नावांत ‘हलबा-कोष्टी’ वाचता येणार नाही असा निर्णय दिला. येथेही जोडशब्दच आहे, आणि येथेही त्याचा उत्तरार्ध धंद्याचा आहे. गोवारी काय किंवा कोष्टी काय, हा मुळात व्यवसायवाचक शब्द. त्याने पूर्वपदाचा संकोच केला, लोप केला, की केवळ विशेषण जोडले, हा अर्थविचाराचा प्रश्न दोन्हीकडे समान आहे.

हलबांच्या संदर्भात भाषेचा पुरावाही पुढे येतो. ग्रियर्सनने आपल्या भाषापाहणीच्या सातव्या, म्हणजे मराठीच्या खंडात (१९०५) हलबीची नोंद केली आणि तिच्यातील मराठी, उडिया व छत्तीसगढी यांचे मिश्रण दाखविले. २०११ च्या जनगणनेत साडेसात लाखांहून अधिक लोकांनी हलबी ही मातृभाषा सांगितली. त्यांतील बहुतेक बस्तरकडचे. नागपूरचा विणकर हलबी बोलत नाही. त्यावरून तो हलबा नव्हे असे म्हणावयाचे काय? मग गोंडांकडे पाहावे. गोंडांची संख्या देशात एक कोटीहून अधिक, आणि गोंडी बोलणारे २०११ मध्ये सुमारे ३० लाख. वर्धा-वैनगंगेच्या सखल भागातील कितीतरी गोंड घरांत झाडीबोली किंवा नागपुरी मराठीच चालते. त्यांच्या गोंडत्वाबद्दल कोणी शंका घेत नाही. भाषांतर झाले तरी समाज टिकतो, हे गोंडांच्या बाबतीत मान्य करावयाचे आणि हलबांच्या बाबतीत अमान्य करावयाचे, यास समर्थन हवे असेल तर ते भाषाशास्त्रात मिळणार नाही. हलबा-कोष्ट्यांचा दावा खरा की खोटा हे यावरून ठरत नाही. एवढेच ठरते की, बोलीचा अभाव हा पुरावा म्हणून दुबळा आहे.

हेच चालीरीतींचे. अनुभव असा आहे की परीक्षा ठरली की परीक्षार्थी पुस्तक आणतो. आपल्या समाजाचे देव कोणते, लग्नात मामाची भूमिका कोणती, प्रेताचे डोके कोणत्या दिशेस, याची तयारी करून जाणारा अर्जदार हा लबाडच असतो असे नाही. आजोबांनी सोडलेली रीत त्याला कोठून तरी शिकावीच लागते. गोवारींच्या बाबतीत या तयारीस एक विशेष कडवटपणा आहे. त्यांच्या दिवाळीच्या दोह्यांत गोकुळ आहे, गोवर्धन आहे. कचेरीपुढे जाताना हे गोकुळ मागे ठेवावे आणि वाघोबा-नागोबा पुढे करावेत, असे एखाद्यास वाटले तर नवल ते काय? आणि त्याने तसे केले तर त्याच्या चालीरीतीचा अर्धा भाग त्यानेच नाकारलेला असतो. आखरावर दोन्ही देव सुखाने एकत्र नांदतात. फॉर्मवर नांदू शकत नाहीत.

याच तालुक्यातील अंभोऱ्याचे उदाहरण मनोरंजक आहे. वैनगंगेच्या संगमावरील या क्षेत्री मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ रचला अशी वैदर्भीय परंपरा सांगते. मराठवाडा तोच मान आंबेजोगाईस देतो. या वादावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली, तरी अंभोऱ्याच्या भाविकास आपली परंपरा सिद्ध करण्यासाठी कोणी समितीपुढे बोलाविले नाही. काही परंपरांना संशयाचा फायदा मिळतो, काहींना मिळत नाही. हा भेद साधनांच्या बळावर अवलंबून नसतो, एवढे तरी यातून दिसते.

समाजाचे नाव आणि त्याच्या चालीरीती यांचा संबंध इतर देशांतही असाच गुंतागुंतीचा राहिला आहे. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजाचे उदाहरण तुलनेस उपयोगी पडेल. ‘योरुबा’ हे नाव प्रथम उत्तरेकडील शेजाऱ्यांनी ओयो राज्याच्या लोकांपुरते वापरले. इजेबू, एग्बा, एकिती हे लोक स्वतःस त्या नावाने ओळखत नसत. सिएरा लिओनमध्ये आणून सोडलेल्या मुक्त गुलामांत याच लोकांना, त्यांच्या अभिवादनाच्या शब्दांवरून, ‘आकू’ म्हणत. मिशनऱ्यांनी, आणि विशेषतः स्वतः त्या समाजात जन्मलेल्या सॅम्युएल क्राउथर यांनी १८४३ पासून कोश, व्याकरण आणि बायबलाचे भाषांतर यांतून एक सामान्य लिखित भाषा घडविली, तेव्हा ओयोचे नाव सर्वांचे झाले. १८५४ मध्ये कोएले या भाषाशास्त्रज्ञाने या विस्तारावर आक्षेप घेतला होता. शास्त्रदृष्ट्या तो बरोबरही होता. नाव मात्र पसरले ते पसरलेच. सॅम्युएल जॉन्सन यांचा १८९७ मध्ये लिहून झालेला आणि हस्तलिखित गहाळ झाल्यामुळे त्यांच्या बंधूंनी नव्याने सिद्ध करून १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेला इतिहास-ग्रंथ आला, तोवर त्या नावाखाली एक समाज उभा राहिला होता. म्हणजे संकुचित नाव विस्तार पावून वास्तव बनले. गोंड-गोवारींच्या बाबतीत नेमके उलटे : वास्तव समाज आहे आणि नाव संकुचित होत होत रिकामे झाले.

आज योरुबांत ख्रिस्ती आणि मुसलमान बहुसंख्य आहेत, आणि जुन्या चालींकडे पाहण्याची त्यांची दृष्टी एकसारखी नाही. पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांनी आडनावातील ‘इफा’ हे दैवतवाचक पद काढून तेथे ‘जेसू’ किंवा ‘ओलू’ घातले आहे. नावाचा उरलेला भाग व त्याची घडण तशीच ठेवली आहे. इफा दैवज्ञांच्या परंपरेस युनेस्कोने २००५ मध्ये मानवतेचा वारसा म्हणून गौरविले, त्याच पिढीत हे चालू आहे. वोले सोयिन्का यांनी ओयोमधील एका खऱ्या घटनेवर १९७५ मध्ये नाटक लिहिले. राजाबरोबर त्याच्या अश्वपालाने प्राण द्यावयाची रीत ब्रिटिश अधिकाऱ्याने अडविली, हा त्याचा विषय. त्या नाटकाकडे दोन संस्कृतींचा संघर्ष म्हणून पाहू नये, अशी सूचना नाटककाराने स्वतःच प्रास्ताविकात दिली आहे. चालीविषयी मतभेद असणे, ती अर्धी सोडणे, अर्धी नव्या नावाने ठेवणे, तिच्यावर नाटक लिहिणे, हे सर्व योरुबा राहूनच करता येते. कारण तेथे चाल हा प्रवेशपरवाना नाही. कुहीच्या गोवाऱ्यास हे स्वातंत्र्य नाही. त्याने चाल सोडली तर तो पुरावा सोडतो. बदलली तर पुरावा बिघडवितो.

विदर्भातील गोंडांमध्ये मात्र गेल्या चाळीस वर्षांत एक निराळे वळण दिसते. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी कोया पुनेम, पारी कुपार लिंगो, गोंडी भाषा व लिपी यांवर विपुल लेखन केले. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची यात्रा १९८० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर भरू लागली. गोंडी पद्धतीची लग्ने, जनगणनेत स्वतंत्र धर्मनोंदीची मागणी, ही याच जागृतीची अंगे होत. कंगाली यांनी सिंधू लिपीचे वाचन गोंडीतून केले, ते भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरणारे नाही, हे निःसंकोच म्हटले पाहिजे. तथापि त्यांच्या कार्याचे मोल त्या वाचनावर अवलंबून नाही. आपली रीत कोणती हे रसेलने न सांगता आपण सांगावे, हा आग्रह त्यांनी धरला. त्यातही एक धोका आहे : कचारगडहून निघालेले प्रमाणरूप गावोगावच्या भिन्न रीतींवर बसू लागले, तर सरकारी ग्रंथाची जागा स्वकीय ग्रंथ घेईल. परंतु स्वकीय ग्रंथावर गावात वाद घालता येतो. समितीपुढे तो घालता येत नाही.

न्यायालयांनाही या कसोटीची मर्यादा जाणवलेली आहे. २०११ मध्ये आनंद प्रकरणात, जे हलबी जमातीच्या दाव्याचेच होते, सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतर, आधुनिकीकरण आणि इतर समाजांशी संपर्क यांमुळे जमातींची जुनी लक्षणे बदलतात हे मान्य केले, आणि स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांस अधिक वजन द्यावे असे सुचविले. २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात, आप्तभावाची कसोटी ही निर्णायक कसोटी नव्हे, असे पुन्हा सांगितले. हे योग्य दिशेचे पाऊल आहे. मात्र स्वातंत्र्यपूर्व कागद म्हणजे दाखलखारीज रजिस्टर किंवा कोतवालाचे जन्ममृत्यू पुस्तक. त्यांत जात लिहिली ती गुरुजींनी किंवा कोतवालाने, कानावर पडेल तशी. गायकीने आपल्या मुलाचे नाव घालताना ‘गोवारी’ सांगितले तर लिहिणाऱ्याने त्यामागे ‘गोंड’ जोडण्याचे कारणच नव्हते. गावात तो शब्द कोणी उच्चारीत नव्हते. ज्या कागदावर सगळे अवलंबून आहे त्यावरही पुन्हा एक नाव आणि त्याचा विग्रह एवढेच हाती येते.

या सर्व काळात आखरावरची परिस्थितीही पालटली आहे. गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात कुही तालुक्यातील अनेक गावांची जमीन गेली; गावठाणे हलली, चराईची राने पाण्याखाली आली. ट्रॅक्टरने बैल कमी केले, आणि गुरे कमी झाल्यावर वर्षाच्या धान्यावर गायकी ठेवणे गावास परवडेनासे झाले. गोवारींची मुले नागपूरला बांधकामावर, कारखान्यांत, दुकानांत आहेत. दिवाळीस गावी येतात आणि ढाल खांद्यावर घेतात. दक्षता पथक गावी आले, तर व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी काय सांगावे? वाडवडिलांचा सांगावा तर तो आता चालत नाही, आणि आपला सांगावा तर तो ग्रंथात नाही.